तीन मोठी अपडेट्स, चार वर्षांचे पॅच: पाळलेल्या वचनाचा रिव्ह्यू

कंपनीने वचन पाळलं, हे आधीच सांगून टाकते. फोन बाजारात आला तेव्हा जाहीर झालं होतं: तीन मोठी अँड्रॉइड अपडेट्स आणि चार वर्षं सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्त्या. तिन्ही अपडेट्स आली. पॅचही चार वर्षं येत राहिले. मध्येच कुठे हात वर केले नाहीत. तरी मार्क द्यायचे तर मी दहापैकी सहा देईन, आणि त्यातला एक बॅटरी बदलून देणाऱ्या माणसाचा आहे.

कंपनीचं नाव घेत नाही. २०२१ मध्ये आलेला, मधल्या फळीतला कुठलाही अँड्रॉइड डोळ्यांसमोर आणा, बरीचशी गोष्ट जुळेल. अँड्रॉइड ११ घेऊन आलेला, ६ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, कॅमेरा बरा, स्पीकर दणदणीत. नव्या फोनचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात. खोक्यातून काढल्यावर पहिल्या आठवड्यात फोन कसा वाटला हे सगळेच सांगतात. पण मधल्या अपडेट्सनी त्याचं भलं केलं की वाट लावली, आणि सपोर्ट संपल्यावर तो कसा चालतो, हे लिहायला कोणी थांबत नाही. तोवर सगळे पुढच्या मॉडेलवर गेलेले असतात. मी गेले नाही, म्हणून लिहितेय.

पहिलं मोठं अपडेट अँड्रॉइड १२ चं. गूगलने ते ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलं. माझ्या फोनवर यायला पुढचं वर्ष उजाडलं, कारण गूगलकडून निघालेलं अँड्रॉइड आधी चिप बनवणाऱ्याकडे, मग फोन बनवणाऱ्याकडे, तिथून चाचण्या करत करत आपल्याकडे येतं. वॉलपेपरच्या रंगावरून मेनूचे रंग बदलणं वगैरे दोन दिवसांची हौस. त्यात खरं कामाचं होतं ते वरच्या कोपऱ्यातलं हिरवं चिन्ह. कोणतंही ॲप माइक किंवा कॅमेरा वापरू लागलं की ते उमटतं. व्हॉइस टायपिंग बंद केल्यावरही कीबोर्ड थोडा वेळ माइक धरून बसतो, हे मला त्या हिरव्या ठिपक्याने दाखवलं. फोनला नवा कॅमेरा लागला नाही, जास्त रॅम लागली नाही, जुन्याच यंत्रावर एक शहाणी गोष्ट आली. अपडेट म्हणजे हे असायला हवं.

अँड्रॉइड १३ माझं सगळ्यात आवडतं. त्यात प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. पूर्ण फोन इंग्रजीत, नकाशे मराठीत, असं करून बघितलं आणि बँकेचं ॲप मुकाट्याने इंग्रजीतच ठेवलं, कारण तिथलं मराठी वाचून कोणतं बटण दाबल्यावर पैसे जातील हे मला नीट कळत नव्हतं. नव्याने टाकलेलं ॲप नोटिफिकेशन पाठवण्याआधी परवानगी मागतं, हीसुद्धा १३ चीच देणगी. आईच्या फोनवर खरेदीच्या ॲपने दिवसभर घातलेला धुमाकूळ आठवला की वाटतं, ही सोय दहा वर्षं आधी का नाही सुचली कोणाला.

अँड्रॉइड १४ ने अक्षरं दोनशे टक्क्यांपर्यंत मोठी करायची सोय दिली. आधीही अक्षरं मोठी करता यायची, पण सगळं एकाच पटीत फुगायचं; बारीक मजकूर वाचता येईपर्यंत मथळे स्क्रीनबाहेर गेलेले असायचे. आता लहान अक्षरं जास्त वाढतात, आधीच मोठी असलेली कमी. ते चालू करून फोन आईच्या हातात दिला. "आता कसं, चष्मा न शोधता वाचता येतंय," म्हणाली, आणि लगेच, "तुझ्याच फोनवर का? माझ्यावर कर." तिचा फोन अँड्रॉइड ११ वर अडकलेला. एकाच कंपनीचा, माझ्यानंतर घेतलेला, पण मॉडेल स्वस्तातलं म्हणून अपडेट्सचं वचनही तोकडं. ज्यांना मोठ्या अक्षरांची गरज जास्त, त्यांच्याच हातात बहुतेक वेळा घरातला साधा फोन असतो. अपडेट्सची वर्षं ठरवताना हे कोणी विचारात घेत असेल असं दिसत नाही.

१४ ने एक गोष्ट काढूनही घेतली. माझ्याकडे फार जुनं, इंटरनेटशिवाय चालणारं शब्दकोशाचं ॲप होतं. बनवणाऱ्याने ते कधीच सोडून दिलेलं, पण चालायचं झकास. अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या व्हर्जनसाठी बनलेली ॲप १४ नव्याने टाकू देत नाही. आधीपासून असलेली मात्र राहू देतं. कारण रास्त आहे. अँड्रॉइड ६ पूर्वीच्या पद्धतीत ॲप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकदम मिळायच्या, आणि चोरटी ॲप मुद्दाम जुनी असल्याचं सोंग घेऊन त्याचा फायदा उठवायची. माझा शब्दकोश आधीपासूनचा, त्यामुळे अपडेट झाल्यावर तो शाबूत होता. पुढे फोन फॅक्टरी रिसेट केला, जपून ठेवलेली फाइल पुन्हा टाकायला गेले, तर फोनने चक्क नकार दिला. फाइल तीच, फोन तोच. मोठं अपडेट एकदा घेतलं की मागे फिरण्याचा रस्ता जवळपास बंद असतो. बहुतेक कंपन्या जुनं व्हर्जन परत टाकू देत नाहीत, आणि ॲपल तर नवं आयओएस आल्यावर थोड्याच दिवसांत जुन्यावर सही करणं थांबवतं, म्हणजे ते फोनवर चढतच नाही. तेव्हा एखाद्या जुन्या ॲपवर तुमचं काम अडत असेल, तर "इन्स्टॉल" दाबण्याआधी त्याचा पर्याय शोधून ठेवा.

इथपर्यंत तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती गाळलेल्या गोष्टींपासून. सेटिंगमध्ये माझा फोन अँड्रॉइड १४ दाखवतो आणि त्याच कंपनीचा महागडा फोनही अँड्रॉइड १४ दाखवतो. शेजारी शेजारी ठेवून बघितले. त्याच्या लॉक स्क्रीनवर घड्याळाचे निरनिराळे फॉन्ट, माझ्यावर एकच. त्याच्या गॅलरीत फोटोतला नको असलेला माणूस पुसायचं बटण, माझ्या गॅलरीत नाही. त्याच्यावर कॉलचं बोलणं लिहून मिळतं, माझ्यावर त्या मेनूचा पत्ताच नाही. व्हर्जनचा आकडा घराला बाहेरून दिलेल्या नव्या रंगासारखा. आतली वायरिंग कोणाची किती बदलली हे त्यावरून कळत नाही.

कंपनीच्या चॅटवर विचारलं. "आपल्या डिव्हाइसच्या हार्डवेअर क्षमतेनुसार फीचर्स दिली जातात," असं उत्तर आलं. मी विचारलं, घड्याळाचा फॉन्ट बदलायला कोणतं हार्डवेअर लागतं? थोड्या वेळाने: "आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे." आणि त्याच्या खाली नव्या मॉडेलची लिंक. अगदी न मागता.

हार्डवेअरचं कारण दरवेळी खोटं असतं असं मात्र नाही, आणि इथे जरा थांबायला हवं. फोनवरच चालणाऱ्या भाषेच्या मॉडेलला (मजकूर समजून लिहिणारं एआय) रॅम लागते. मॉडेल कायम रॅममध्ये बसवून ठेवावं लागतं आणि उरलेल्या जागेत बाकी फोन चालवावा लागतो. ॲपलने २०२४ मध्ये ॲपल इंटेलिजन्स हे आपलं एआय आणलं तेव्हा जुन्यांपैकी फक्त आयफोन १५ प्रो आणि प्रो मॅक्सला ते मिळालं. त्यांच्यात ८ जीबी रॅम होती. साध्या आयफोन १५ मध्ये ६ जीबी, म्हणून जेमतेम वर्षाचा फोन बाहेर राहिला. घेणाऱ्याला राग येणारच, पण कारण समजण्याजोगं आहे.

आता दुसरं उदाहरण बघा. गूगलच्या पिक्सेल ८ आणि ८ प्रो मध्ये चिप एकच, टेन्सर जी३. रॅम एकात ८ जीबी, दुसऱ्यात १२. मार्च २०२४ मध्ये गूगलकडून सांगण्यात आलं की जेमिनी नॅनो हे फोनवर चालणारं मॉडेल पिक्सेल ८ वर येणार नाही, हार्डवेअरच्या मर्यादा आहेत. लोक खवळले. त्याच महिन्याअखेरीस सूर बदलला, आणि जूनमध्ये ते पिक्सेल ८ वर आलंही, डेव्हलपर ऑप्शन या एरवी लपलेल्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचं एवढ्या अटीवर. म्हणजे मर्यादा होती, पण ओलांडता न येण्यासारखी नव्हती. "हार्डवेअर" म्हटलं की बहुतेक वेळा हेच असतं: करता येईल, थोडं अडखळेल, आणि त्यासाठी मेहनत घ्यायची की नाही हे आम्ही ठरवणार.

माझ्या फोनवर याची पडताळणी सोपी होती. कंपनीच्या गॅलरीत फोटोतला माणूस पुसायचं बटण नाही, कारण म्हणे हार्डवेअर. मे २०२४ पासून गूगलने गूगल फोटोज मधला मॅजिक इरेझर सगळ्यांना फुकट खुला केला. त्याच फोनवर, तोच फोटो गूगल फोटोज मध्ये उघडला. समुद्राच्या फोटोत कडेला अर्धा आलेला अनोळखी माणूस बोटाने खूण केला, थोडा वेळ गोल फिरलं, आणि माणूस गेला. पाण्यावरची त्याची सावली राहिली, तीसुद्धा दुसऱ्या फटक्यात गेली. फोन किंचित कोमट झाला. एवढंच. त्यामुळे कंपनीचं सॉफ्टवेअर एखादी गोष्ट नाही म्हणालं तर आधी प्ले स्टोअरमध्ये तीच गोष्ट करणारं ॲप शोधून बघावं, हा माझा आता नियमच झाला आहे. कॉल लिहून घेणं मात्र जमलं नाही. कॉलचा आवाज बाहेरच्या ॲपला द्यायचा नाही हे अँड्रॉइडनेच ठरवून टाकलंय, आणि ते योग्यच आहे.

वेगाबद्दल. "अपडेट केलं आणि फोन स्लो झाला" हे वाक्य मी घरोघरी ऐकते. पहिल्या दोन-तीन दिवसांचं रडगाणं मोजूच नका. मोठ्या अपडेटनंतर फोन मागच्या मागे सगळी ॲप नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार करून ठेवतो, फोटोंची यादी नव्याने लावतो. तो तापतो, चार्जिंग उतरतं, स्क्रोल करताना अडखळतो. रात्री चार्जरला लावून ठेवा, बहुतांशी निवळतं. त्यानंतरही हँग होत असेल तर आधी स्टोरेज बघा. माझं १२८ पैकी जवळजवळ सगळं भरलेलं. अशा मेमरीला लिहायला मोकळी जागा लागते. ती उरली नाही की प्रत्येक छोटं काम रेंगाळतं. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधले शुभेच्छांचे व्हिडिओ काढून टाकल्यावर अँड्रॉइड १४ एकाएकी हलकं वाटू लागलं. शिव्या मात्र तोवर १४ ने खाल्ल्या.

आणि तिसरं कारण, ज्यावर पूर्ण प्रकरण घडलं: बॅटरी. जुनी बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही. प्रोसेसरने अचानक जोर मागितला की फोन थेट बंद पडतो. ॲपलने यावर उपाय म्हणून आयफोन ६, ६एस, एसई आणि ७ मध्ये अपडेटमधूनच प्रोसेसरचा वेग आवळला, पण लोकांना स्पष्ट सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ते कबूल करावं लागलं. मग बॅटरी बदलण्याचा दर खाली आणला, मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारा मेनू दिला, आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये २.५ कोटी युरोंचा दंड भरला. तो दंड फोन हळू केल्याचा नव्हता, हळू केलं हे न सांगितल्याचा होता. तांत्रिकदृष्ट्या ॲपलची युक्ती वाईट नव्हती; बंद पडणाऱ्या फोनपेक्षा हळू फोन बरा. पण फोन ज्याचा आहे त्याला कळायला नको?

माझ्या फोनचंही दुखणं तेच निघालं. वीस टक्क्यांवरून थेट बंद. अपडेटला दोष देऊन झाला, रिसेट करून झालं (त्यात तो शब्दकोश गेला), शेवटी बॅटरी बदलून घेतली. सर्व्हिस सेंटरवाल्याने मागचं कव्हर गरम करून सोडवलं, जुनी बॅटरी काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मधोमध अगदी थोडी फुगली होती, टेबलावर टेकत नव्हती, बोटाने दाबली की डुलत होती. "ताई, ही अजून ठेवली असती तर स्क्रीन उचकटली असती," म्हणाला. नवी घातल्यावर फोनने जी उभारी धरली ती तिन्ही मोठ्या अपडेट्सना मिळून जमली नव्हती. वर म्हटलेला एक मार्क त्याचा.

बॅटरी आणि अपडेट यांची सगळ्यात विचित्र गाठ मात्र २०२५ च्या जानेवारीत पडली. पिक्सेल ४ए चा सपोर्ट २०२३ मध्येच संपलेला. त्यानंतर अचानक त्याला अपडेट आलं, आपोआप चढणारं, आणि ज्या फोनना ते लागू होतं त्यांची वापरता येणारी बॅटरी त्याने कमी केली. बदल्यात गूगलने बॅटरी फुकट बदलून देण्याचा किंवा भरपाईचा पर्याय दिला. जुन्या फोनला अपडेट येणं ही आनंदाचीच बातमी असते असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता पॅच. हा भाग रुक्ष आहे, पण चार वर्षांच्या वचनातला जीव यातच आहे. सेटिंगमध्ये "फोनबद्दल" उघडा, अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप करा. तिथे दोन तारखा दिसतात. एक सिक्युरिटी अपडेटची, दुसरी गूगल प्ले सिस्टिम अपडेटची. २०१५ मध्ये स्टेजफ्राइट नावाची खोट उघडकीला आली. नुसत्या एका मल्टिमीडिया मेसेजने फोन ताब्यात घेता येईल अशी. त्या ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला दुरुस्त्यांचं पत्रक काढू लागलं. पहिली तारीख म्हणजे तुमचा फोन त्यातल्या कोणत्या महिन्यापर्यंत दुरुस्त झाला आहे ते. तारखेतला दिवस १ असेल तर अँड्रॉइडच्या वरच्या थराच्या दुरुस्त्या आल्या. ५ असेल तर त्यांच्यासोबत कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि चिपवाल्यांच्याही. हे छोटे आकडे मला खोक्यावरच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगतात.

माझ्या फोनवर पहिल्या दोन वर्षांत पॅच साधारण दर महिन्याला यायचे. मग तीन महिन्यांनी एकदा. शेवटच्या वर्षात त्याहून लांबले. आणि आलेल्या पॅचवरची तारीख आलेल्या दिवसाच्या दोन महिने मागची. "चार वर्षं पॅच" म्हणताना किती दिवसांनी पॅच, हे वचनात नव्हतं. तेव्हा कंपनी खोटं बोलली असं म्हणता येणार नाही. शेवटी शेवटी फोन वर्षातले कितीतरी महिने उघड झालेल्या, दुरुस्ती तयार असलेल्या भोकांसकट माझ्या हातात होता, आणि सपोर्ट मात्र "चालू" होता. माझे सर्वांत जास्त मार्क गेले ते इथे.

दुसरी तारीख आशेची आहे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० पासून गूगलने सिस्टिमचे काही तुकडे वेगळे काढून थेट प्ले स्टोअरमार्फत अपडेट करायला सुरुवात केली, फोनच्या कंपनीला मध्ये न घालता. माझ्या फोनचे पॅच थांबल्यावरही ही तारीख पुढे सरकलेली दिसली. पण त्यातून चिपचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर), मोडेम, कर्नल दुरुस्त होत नाहीत. ते काम कंपनीचं आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या चिपवाल्याचं.

कंपन्या सगळा दोष चिपवाल्यावर ढकलतात. त्यात तथ्य आहे. चिपवाल्याने जुन्या चिपसाठी नवे ड्रायव्हर देणं थांबवलं की फोनवाल्याचं काम फार अवघड होतं. अवघड होतं, अशक्य नाही. फेअरफोन या छोट्या डच कंपनीने २०१५ चा फेअरफोन २ मार्च २०२३ पर्यंत चालवला. चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने त्या चिपचा सपोर्ट सोडल्यावरही त्यांनी स्वतः खपून त्याला अँड्रॉइड १० पर्यंत आणलं. मोठमोठ्या कंपन्यांना तेव्हा तीन वर्षं जड जात होती. आणि ॲपल, जिची चिपही घरची, तिचा आयफोन ६एस २०१५ मध्ये आयओएस ९ घेऊन आला आणि आयओएस १५ पर्यंत गेला. २०१३ च्या आयफोन ५एस ला तर सिक्युरिटीची दुरुस्ती जानेवारी २०२३ मध्ये मिळाली, आयओएस १२.५.७. बहिणीकडे २०१८ चा आयफोन एक्सआर आहे. २०२५ च्या आयओएस २६ ने त्याला वगळलं, पण आयओएस १८ च्या दुरुस्त्या येत राहिल्या. नवं काचेसारखं रूप मिळालं नाही याचं तिला काडीचंही दुःख नाही. पॅच मिळतोय ना, मग बास.

गंमत म्हणजे जुना फोन ॲपच्या बाबतीत लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ सोडले ते ऑगस्ट २०२५ मध्ये. व्हॉट्सॲपने अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले २०२५ च्या सुरुवातीला, म्हणजे अँड्रॉइड ५ आल्यावर दहा वर्षांनी. माझा फोन अँड्रॉइड १४ वर असल्याने ॲपच्या बाबतीत त्याला अजून बरंच आयुष्य आहे. म्हणून मोठी अपडेट्स पूर्णपणे वाया गेली असं मी म्हणणार नाही. व्हर्जन जितकं वरचं, तितकी ॲप उशिरा साथ सोडतात.

लिनिएजओएस, म्हणजे फोनच्या कंपनीशिवाय लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकून का बघत नाहीस, असं विचारणारे भेटतातच. बघितलं. त्यासाठी बूटलोडरचं (फोन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरचं) कुलूप उघडताना फोन आधी पूर्ण पुसला जातो, आणि अशा फोनवर कित्येक बँकांची ॲप उघडायलाच नकार देतात. ज्यांना यात रस आहे त्यांच्यासाठी उत्तम. आईच्या हातात देण्याजोगी गोष्ट नाही.

सध्या या फोनवरून बँकेचं आणि ऑफिसच्या मेलचं ॲप काढून टाकलंय. गाणी, पुस्तकं, फोटो, नकाशे यांसाठी तो रोज वापरते, आणि नव्या बॅटरीवर तो मस्त चालतो. अनोळखी लिंक, बाहेरून आलेली ॲप फाइल, यांना त्याच्यावर प्रवेश नाही. अधूनमधून सवयीने "अपडेट तपासा" दाबते. "तुमचं सॉफ्टवेअर अप टू डेट आहे," तो सांगतो. ज्याला पुन्हा कधीच अपडेट येणार नाही अशा फोनला हेच वाक्य दाखवायला लावणाऱ्याला भेटायची फार इच्छा आहे.

याच वाक्यावर परवा भाची फसता फसता राहिली. तिला सेकंड हँड फोन घ्यायचा होता. विकणाऱ्याने तेच पान उघडून दाखवलं. "बघा मॅडम, अप टू डेट." तिने हिरव्या टिकवरून नजर काढून पॅचची तारीख उघडली. वर्षापेक्षा जुनी. मग मॉडेल कधी बाजारात आलं ते विचारलं. "अहो, मी घेऊन दोनच वर्षं झालीत." पण सपोर्टची वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, बिलाच्या तारखेपासून नाही, दोन वर्षांपूर्वी घेतलेला फोन तेव्हाच दोन वर्षं जुनं मॉडेल असू शकतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमात अपडेट्सच्या पाच वर्षांची मोजणी मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून धरली आहे, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार केला तर मोजायची पद्धत तीच हवी. बाकी ठिकाणी अजून हिशोब आपला आपणच करायचा.

भाचीने तो सोडला. आता ती पिक्सेल ८ बघतेय, कारण त्या मॉडेलपासून गूगलने सात वर्षांचं वचन दिलं आणि त्याची मुदत ऑक्टोबर २०३० पर्यंत आहे. सॅमसंगनेही २०२४ च्या गॅलक्सी एस२४ पासून सात वर्षं जाहीर केली, तोही तिच्या यादीत आहे. मी तिला एवढंच सांगितलंय की फोन हातात आला की आधी पॅचची तारीख बघ, मग फोन सपाट टेबलावर ठेवून बघ, मागचं कव्हर फुगून डुलतंय का. आणि बॅटरी बदलायची झाली तर मूळ बॅटरी मिळते का ते विकणाऱ्याला नको विचारूस, सर्व्हिस सेंटरला विचार.